झाडीपट्टीत नाटक बसवत बसवत पीएच.डी. करणारं कोणी आहे का इथे?

वैनगंगाकाठ

नमस्कार मंडळी. मंडईचे (दिवाळीनंतरच्या गावजत्रेचे) प्रयोग सुरू व्हायच्या आत हा धागा काढते आहे. एकदा सिझन लागला की होळीपर्यंत मोबाईल हातात घ्यायची सवड नसते.

मी ब्रह्मपुरी तालुक्यातली, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतली. नाट्यशास्त्रात एम.ए. करून गावी परत आले. घरी धानाची शेती आहे. पावसाळ्यात रोवणी आटोपली की वडशाच्या (आमच्याकडचं नाटक कंपन्यांचं गाव) एका कंपनीच्या लेखकासोबत संहितेवर बसते. कोणता प्रवेश आधी यावा, रडण्याचा प्रसंग कितव्या तासाला पडावा, विनोदी पात्राला किती मोकळं सोडावं, गाणं कुठे घातलं तर गोष्ट तुटणार नाही, हे सगळं आम्ही दोघं मिळून ठरवतो. मग दिवाळीच्या आधी तालमी, आणि नाटक उभं राहिलं की सिझनभर त्याची डागडुजी. थोडक्यात, दिग्दर्शक मीच आणि ड्रामाटर्गही (संहितेची बांधणी बघणारी) मीच.

याच्याच जोडीला अर्धवेळ पीएच.डी.ची नोंदणी केली आहे. जवळपास नाट्यशास्त्राचे मार्गदर्शक मिळाले नाहीत म्हणून मराठी विषयात. अभ्यास असा: झाडीपट्टीच्या नाटकाची संहिता सिझनभरात प्रयोगागणिक कशी बदलते, आणि तो बदल कोण करतं.

अडचण एक, पंचांगाची. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडया भरतात, पुढे शंकरपट (बैलजोड्यांच्या शर्यती) येतात, आणि नाटक त्यांच्या आगेमागे थेट होळीपर्यंत चालतं. संशोधन समितीपुढचं माझं सादरीकरण नेमकं डिसेंबर-जानेवारीत पडतं. उन्हाळ्यात मी मोकळी असते, पण तेव्हा वडशात कोणीच नसतं. कंपन्यांच्या ऑफिसला कुलूप, नट आपापल्या गावी, वाजवणारे लग्नाच्या बँडमध्ये.

अडचण दोन जास्त खोल आहे. माझे मार्गदर्शक म्हणतात, "एक तर दिग्दर्शक राहा, नाही तर संशोधक. बदल तुम्हीच करणार आणि तुम्हीच त्याची नोंद घेणार, तर तो पुरावा कसा?" त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि प्रश्न खरा आहे. पण मी दिग्दर्शन सोडलं तर हा प्रबंध उरतच नाही. रात्री अकराला उद्घाटनाची भाषणं संपत नाहीत, बाया लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या आहेत, आणि पहिल्या अंकातले कोणते प्रवेश गाळायचे ते पाच मिनिटांत सांगायचं आहे. हा निर्णय बाहेर खुर्चीवर बसलेल्या अभ्यासकाला दिसतच नाही. त्याला दिसतं ते नाटक, गाळलेलं नाही.

माझं मत पक्कं आहे: सिझन म्हणजे प्रबंधातून घेतलेली सुट्टी नाही, तेच माझं क्षेत्रकार्य आहे. हे कागदावर टिकेल असं कसं करायचं, ते जाणकारांनी सांगा. आणि ज्यांना हे पटत नाही त्यांनी तर नक्की लिहा.

पाटाचा_पाहुणा

ताई, आधी अभिनंदन. आमच्याकडे पोरं एम.ए. करून नागपूर-पुणे गाठतात, तुम्ही परत आल्या. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा टीव्हीवाल्यांना झाडीपट्टी कुठे आहे ते समजलं. पण पुरस्कारानंतर अभ्यास कोण करणार? तुमच्यासारख्यांनीच करावा.

मास्तर_भंडारा

ताई, मी पीएच.डी.चा मार्गदर्शक आहे (विषय वेगळा). पंचांगाची अडचण सुटण्यासारखी आहे, ती आधी घेतो.

यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) पीएच.डी.साठीचे नोव्हेंबर २०२२ चे नियम काढून बसा. संशोधन सल्लागार समितीपुढे दर सत्रात एकदा प्रगती मांडायची, एवढंच त्यात आहे. ती अमुक महिन्यातच मांडा असं नाही. तेव्हा ऑगस्टमध्येच लेखी अर्ज द्या: क्षेत्रकार्याचा काळ भाऊबीज ते होळी, त्यामुळे सादरीकरण ऑक्टोबरच्या सुरुवातीला आणि एप्रिलमध्ये व्हावं. अर्जाला मागच्या सिझनच्या तारखांची यादी जोडा. समितीला कारण कागदावर दिसलं की बहुधा अडत नाही. अर्जाची पोच मात्र घ्या.

कमीत कमी मुदत तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा. त्यानंतर पुनर्नोंदणीने दोन वर्षं मिळतात आणि महिला उमेदवारांना आणखी दोन. शिवाय बाळंतपण आणि बालसंगोपनासाठी एकूण २४० दिवसांपर्यंत रजा आहे. म्हणजे तुमच्या हातात बरेच सिझन आहेत. सगळं एकाच सिझनमध्ये गोळा करायच्या मागे लागू नका. शोधनिबंध छापून आणण्याची सक्ती २०२२ च्या नियमांत राहिलेली नाही, पण विद्यापीठाची स्वतःची अट असू शकते, ती बघा.

अर्धवेळ उमेदवाराकडून नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र मागतात. तुम्हाला नोकरी नाही. कंपनीच्या निर्मात्याकडून लेटरहेडवर पत्र घ्या: या सिझनला दिग्दर्शक म्हणून काम करतात, संशोधनास आमची हरकत नाही. पुढे हेच पत्र प्रबंधातही कामाला येईल.

आता पुराव्याचं. तुमच्या मार्गदर्शकांशी मी पूर्ण असहमत नाही. माणसांत राहून, त्यांच्या कामात सहभागी होऊन अभ्यास करायचा, हे मानववंशशास्त्रात शंभर वर्षांपासून मान्य आहे. मॅलिनोव्स्की पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियांड बेटांवर राहिला तो यासाठीच. पण तो तिथल्या लोकांचा दिग्दर्शक नव्हता. तुम्ही आहात. म्हणून माझा सल्ला असा की प्रबंधाचे दोन भाग स्पष्ट वेगळे ठेवा. एका भागात तुम्ही बसवलेलं नाटक, प्रथमपुरुषी, "मी हे गाळलं, या कारणासाठी गाळलं" अशा भाषेत. दुसऱ्या भागात अशा कंपनीचं नाटक जिच्याशी तुमचा काही संबंध नाही. तिथे तुम्ही फक्त बघणाऱ्या. दोन्हींत सारखे बदल दिसले तर मार्गदर्शकांच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, आणि वेगळे दिसले तर तो तुमचा निष्कर्ष.

वऱ्हाडी_पडदा

मी अमरावतीकडचा, हौशी रंगभूमीवाला. तुम्ही विरोधी मत मागितलं म्हणून लिहितो.

मी दिग्दर्शन पूर्ण थांबवलं आणि प्रबंध लिहिला. मला ते आजही योग्य वाटतं. राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक बसवायचं म्हणजे दिवाळीपासून डोक्यात दुसरं काही शिरत नाही. परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र, हॉलचं भाडं, प्रकाशवाल्याची तारीख, एखाद्या मुलीच्या घरच्यांची समजूत. त्यातून रात्री उरलेल्या तासात लिहिलेलं प्रकरण मी सकाळी वाचायचो तेव्हा त्यात दिग्दर्शकाचा थकवा दिसायचा, विचार दिसायचा नाही. लिहिण्याला सलग दिवस लागतात. तुकड्या-तुकड्यांनी नोंदी होतात, प्रकरण होत नाही.

त्याची किंमतही सांगतो, लपवत नाही. थांबलो त्या काळात आमची मंडळी पांगली. एक पुण्याला गेला, दोघी लग्न होऊन गेल्या, एक बँकेत लागला. संस्था पुन्हा पहिल्यापासून उभी करावी लागली. तरी प्रबंध पूर्ण झाला आणि त्यामुळेच आज शिकवण्याची नोकरी आहे.

नागपुरात एलकुंचवार वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवत होते आणि नाटकंही लिहीत होते, हे उदाहरण लोक लगेच देतात. पण लिहिणारा माणूस आपल्या टेबलाशी एकटा असतो. दिग्दर्शकाच्या मागे वीस माणसं उभी असतात आणि त्यांच्या घरची चूल त्यावर असते.

वैनगंगाकाठ

मास्तर, दोन भागांची कल्पना फार उपयोगाची आहे. अर्ज याच आठवड्यात देते.

वऱ्हाडी_पडदा, तुमचं लिहिणं मी दोनदा वाचलं. सलग दिवसांचं तुमचं म्हणणं मान्य आहे, म्हणून प्रकरणं उन्हाळ्यातच लिहायची, सिझनमध्ये फक्त नोंदी, एवढं मी ठरवलं. पण आपल्या दोघांच्या जागेत एक फरक आहे. हौशी संस्था थांबली तर दुःख होतं. इथे मी एक सिझन सोडला तर त्या जागी दुसरा दिग्दर्शक येईल, पुढच्या वर्षी कंपनी त्यालाच बोलवेल, आणि मला तालमीच्या खोलीत जायला कारणच उरणार नाही. आणि घरच्या धानावर वर्ष निघत नाही, हेही आहेच.

पूर्णवेळ फेलोशिपचा विचार केला होता. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे, आकडा मोठा आहे. पण ती घेतली की दुसरं मानधन घेता येत नाही. म्हणजे नाटकं फुकट बसवायची. माझ्यासाठी ते चालेलही, पण मी फुकट काम केलं तर पुढच्या दिग्दर्शकाचा भाव पडतो. ते मला नको.

खड्ड्यातला_प्रॉम्प्टर

ताई, मोबाईलवर लिवतो, सुद्द येत नाई, समजून घ्या.

मी प्रॉम्प्टर. वाजवनाऱ्यांच्या बाजूले बसतो, मोर वही, वहीवर बारीक लाईट. झाडीपट्टीत तालमी कमी आनि नाटकं जास्त. एकच नट चार नाटकात चार येगरे पात्र करते, आज राजा तं उद्या मुनीम. म्हनून वाक्य मी देतो. नट बोलते ते माझ्या तोंडून निंगालेलं असते.

तुमी म्हनता संहिता बदलते. बदलतेच. पन ते बदल लेखकाच्या कॉपीत नाई सापडनार, कंपनीच्या ऑफिसातल्या कॉपीत पन नाई. ते माझ्या वहीत आहेत. जो परवेस गारला त्याले पेन्सिलचा गोल. समासात गावाचं नाव. जिथं लोक हासले तिथं बरोबरची खून, जिथं पब्लिक उठून पानी पेवाले जाते तिथं फुली. एकाच पानावर पाच गावांचे नाव आहेत आनि पाची गावाले येगरं नाटक झालं.

एक उदारन सांगतो. कोरची-कुरखेड्याकडं गेलो का तिथल्या पब्लिकले छत्तीसगडी समजते. तिकडं विनोदी नट अर्धे वाक्य छत्तीसगडीत घेते. मी वहीत लिवून ठेवलं, कारन दुसऱ्या साली दुसरा नट आला तं त्याले मलेच द्या लागते. आता हे वाक्य कोनाचं? लेखकाचं नाई, दिग्दर्शकाचं नाई, पयल्या नटाचं होतं, तो आता धंदा सोडून गेला. ते माझ्या वहीत रायलं.

तुमच्या मास्तरले हे पुरावा म्हनून दाखवा. वही तुमी लिवली नाई ना, मी लिवली.

मास्तर_भंडारा

काकांनी माझ्यापेक्षा चांगलं उत्तर दिलं. ताई, मार्गदर्शकांचा आक्षेप असा होता ना की बदल करणारी आणि नोंदवणारी एकच? इथे नोंद तिसऱ्या माणसाची आहे, त्याच रात्रीची आहे, आणि संशोधनासाठी केलेलीच नाही, कामासाठी केलेली आहे. असा पुरावा मिळायला इतिहासाचे अभ्यासक दफ्तरखान्यांत वर्षं घालवतात. प्रबंधाचा कणा प्रॉम्प्टरची वही करा. तुमची आठवण आणि तुमची डायरी तिला जोड म्हणून ठेवा.

विंगेतली

मी नागपूरहून सिझनला वडशात येणारी. एक बाजू कोणीच मांडली नाही, म्हणून लिहिते.

आमचा दिवस असा असतो. पहाटे पाचला पडदा, मेकअप काढून गाडीत, वडशाच्या खोलीवर यायला सकाळ होते. दुपारपर्यंत झोप, चारला पुन्हा गाडी. गाडीत आम्ही घरचं बोलतो, मुलांचं बोलतो, पैशाचं बोलतो, कधी कोणी रडतंही. तिथे दिग्दर्शकबाईच्या हातात नोंदवही असेल तर मी त्या गाडीत गप्पच बसेन. गाडीतलं काहीही प्रबंधात नको. हे आधी ठरवा, लेखी ठरवा.

दुसरं, नाटक बसवताना तुमचा शब्द आम्हाला ऐकावा लागतो. पुढच्या सिझनला घ्यायचं की नाही यात तुमचं मत चालतं. मग त्याच ताईंनी विचारलं, "तुझी मुलाखत घेऊ का?" तर आमच्यातली कोण नाही म्हणेल? तोंडाने हो म्हणू आणि मनात धास्ती राहील. हा होकार खरा नाही.

मला अभ्यास नको असं मुळीच नाही. उलट, आमच्याबद्दल जे लिहून येतं त्यात नाचगाणं सोडून काही नसतं. रात्रभर उभं राहून काम करणाऱ्या बाईचं शहाणपण कोणी लिहीत नाही. एकदा थंडीत तिसऱ्या अंकाला लोक पेंगायला लागले तेव्हा माझं लांब स्वगत मी अर्धं करून त्याच जागी गाणं आधी घ्यायला लावलं, खालच्या ऑर्गनवाल्याला नुसती नजर देऊन. हे दिग्दर्शन नाही तर काय आहे? ते जरूर लिहा. पण विचारून, मला दाखवून, आणि माझा दुपारचा वेळ घेतलात तर त्याचे पैसे देऊन.

वैनगंगाकाठ

ताई, तुमचा मुद्दा मनाला भिडला. यातून तीन गोष्टी पक्क्या करते.

गाडीतलं एक अक्षर लिहिणार नाही. परवानगी मी स्वतः मागणार नाही. माझ्यासोबत कोर्सवर्क केलेली एक मैत्रीण आहे, तिचा कंपनीशी संबंध नाही, ती विचारेल. आणि तेही होळीनंतर, सगळ्यांचा हिशेब होऊन पैसे हातात पडल्यावर, म्हणजे नाही म्हणायला कोणाला भीती राहणार नाही. आणि मुलाखतीच्या वेळेचं मानधन मी देईन.

तुमचं स्वगत अर्धं करण्याचं उदाहरण वाचून माझ्या विषयाची मांडणीच बदलावीशी वाटते. संहितेवरचं काम मी लेखक आणि दिग्दर्शक यांच्यातलं धरून चालले होते. इथे तर नटी, ऑर्गनवाला, प्रॉम्प्टर सगळेच ते करत आहेत, तेही प्रयोग चालू असताना. "बदल कोण करतं" या माझ्याच प्रश्नाचं उत्तर एका नावाचं नाही.

मास्तर_भंडारा

विंगेतली यांच्या मुद्द्याला जुना आधार आहे. ड्रामाटर्ग या कामाची सुरुवात जिथून धरतात तो जर्मन नाटककार लेसिंग १७६७ साली हॅम्बुर्गच्या राष्ट्रीय रंगभूमीत नोकरीला लागला आणि त्याच रंगभूमीच्या प्रयोगांवर नियतकालिकात लिहू लागला. म्हणजे अगदी ताईंचीच स्थिती, आतला माणूस आणि अभ्यासक एकच. थोड्याच काळात नटांनी तक्रार केली आणि त्याने अभिनयावर लिहिणं सोडून दिलं, पुढे फक्त नाटकांच्या रचनेवर लिहिलं. ती रंगभूमी दोनेक वर्षांत बंदही पडली. लिखाण मात्र राहिलं आणि आजही शिकवलं जातं. मला नेहमी वाटतं की नटांशी बोलून त्यांच्या संमतीने लिहिण्याची वाट त्याला सापडली असती तर अभिनयाबद्दलही आपल्याला पुष्कळ कळलं असतं. ताईंना ती वाट या धाग्यावरच मिळते आहे.

काळाकोट

वकील आहे, गडचिरोली जिल्ह्यात. दोन गोष्टींकडे कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

पहिली, संहिता कोणाची? कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे हक्क लेखकाचा, त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी आणि सहीनिशी द्यावा लागतो (कलम १९). आमच्या भागात लेखक आणि कंपनी यांचा व्यवहार पुष्कळदा तोंडी असतो. तसं असेल तर हक्क अजून लेखकाकडेच आहे, कंपनीचं पत्र पुरेसं नाही. लेखकाचीही लेखी परवानगी घ्या. लेखी करार असला तरी त्यात मुदत घातलेली नसेल तर ती पाचच वर्षं धरतात. संशोधनासाठी गरजेपुरता उतारा देणं कलम ५२ मध्ये बसतं, पण अख्खी संहिता छापणं बसत नाही. नटांच्या प्रयोगाच्या चित्रीकरणावर नटांचाही हक्क असतो, ५० वर्षांचा. मोबाईलवर सरसकट शूटिंग करू नका.

दुसरी जास्त महत्त्वाची. मान्य झालेला प्रबंध शोधगंगेवर (प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात) जातो आणि तो कोणीही, कुठूनही, फुकट उतरवून घेऊ शकतो. तुम्ही परिशिष्टात चालू सिझनची पूर्ण संहिता जोडली तर पुढच्या दिवाळीला ती दुसऱ्या कंपनीच्या तालमीत दिसेल, नाव बदलून. ज्या लेखकाने विश्वासाने दिलं त्याचंच पोट तुम्ही मारलं असं होईल. परिशिष्टात संहिता नको. निवडक पानं, तीही ज्या नाटकाचे प्रयोग आता थांबले आहेत त्याची.

खड्ड्यातला_प्रॉम्प्टर

वकीलसाहेब बरोबर बोलले. माझ्या वहीत लेखकाचं सगरं नाटक हाये. मी वही देतो म्हनलं, पन लेखकाले इचारल्याबिगर देता येनार नाई, हे आता ध्यानात आलं. मी सोता त्याईले फोन करतो.

पटसमिती_सावली

आम्ही नाटक बुक करणारे. दसऱ्यापासून वडशाला चकरा सुरू होतात, कोणत्या कंपनीचं कोणतं नाटक, कोणती नटी, कोणता विनोदी नट, हे सगळं बघून ठरवतो. नाटकाच्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकीच्या गोष्टी निघतात. नाटक फसलं तर गाव आम्हाला वर्षभर बोलते. म्हणून तुमचा अभ्यास आमच्याही कामाचा आहे.

मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालाने पट बंद झाला, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाला. मधल्या काळात आमच्या गावाने नाटक सोडलं नाही. पण तेव्हा एक फरक पडला. पट असला की बाहेरगावचे जोडीवाले शौकीन रात्री नाटकाला थांबतात, पट नव्हता तेव्हा पब्लिक जास्त करून बायाबापड्या आणि नातेवाईक. मग आम्ही कौटुंबिक नाटकच मागायला लागलो. तुमच्या संहितेत बदल फक्त स्टेजवर नाही होत, बुकिंगच्या टेबलावरही होते, ते लिहा.

आणि आमच्या मंडळाच्या जमाखर्चाच्या वह्या, जुनी पोस्टरं, हँडबिलं आहेत. कोणत्या साली कोणतं नाटक आणलं, किती खर्च झाला, सगळं आहे. उन्हाळ्यात या. तुम्ही म्हणता उन्हाळ्यात वडशात कोणी नसते, पण गावात आम्ही असतोच.

वैनगंगाकाठ

भाऊ, ही माझ्यासाठी मोठीच गोष्ट आहे. उन्हाळा रिकामा जातो असं मला वाटत होतं, कारण माझी नजर वडशाच्या ऑफिसांवरच होती. मंडळांच्या वह्या, हँडबिलं, लेखकांच्या भेटी आणि प्रकरणांचं लेखन हे सगळं उन्हाळ्याचं काम. जून लागला की पऱ्हं (धानाची रोपं) टाकायचे दिवस, तोवर जेवढं लिहून होईल तेवढं. ऑगस्टपासून नव्या संहितेवर बैठका, ऑक्टोबरात सादरीकरण आणि तालमी, मग सिझन, आणि एप्रिलमध्ये दुसरं सादरीकरण.

सिझनमध्ये माझ्याकडून रोज फक्त एक पान. प्रयोग संपल्यावर गाडीत नाही, खोलीवर आल्यावर, झोपायच्या आधी. त्या रात्री काय बदललं, ते कोणी सुचवलं, आणि मला ते पटलं होतं का. तिसरं कलम मी मुद्दाम ठेवते आहे. मला न पटलेला बदल लोकांनी उचलून धरला, असं अनेकदा होतं, आणि दिग्दर्शक म्हणून ते मी विसरून गेले असते.

वऱ्हाडी_पडदा

तुमचं वेळापत्रक वाचलं. एक शंका राहते. एप्रिल-मेच्या उन्हात, शेतीची कामं बघत, वह्या गोळा करत आणि प्रकरणही लिहीत, हे दोन महिन्यांत होणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर पहिले दोन उन्हाळे फक्त गोळा करण्यात घालवले असते आणि तिसऱ्या वर्षी, थांबायचंच तर, एकच सिझन थांबलो असतो, तोही सगळी सामग्री हातात आल्यावर. कंपनीला दोन वर्षं आधी सांगून ठेवलं तर तुमची जागा कदाचित राहील. तुमच्यासोबत तालमीत एखादी शिकाऊ मुलगी घ्या, थांबायच्या वर्षी तीच नाटक बसवेल आणि संहितेच्या बैठकीत तुम्ही राहालच.

विंगेतली

ही सूचना चांगली आहे. झाडीपट्टीत बायकांनी नाटक बसवलेलं कमी दिसतं. दोघी झाल्या तर आम्हालाही बरं.

वैनगंगाकाठ

वऱ्हाडी_पडदा, हे मी मनावर घेते. पूर्ण थांबणं मला मान्य नाही, पण एक सिझन दिग्दर्शन दुसरीच्या हाती देऊन फक्त संहितेवर राहणं जमेल. त्या वर्षी मी मास्तरांनी सांगितलेली "फक्त बघणारी" सुद्धा असेन, आणि माझ्याच कंपनीचं नाटक बाहेरून कसं दिसतं तेही कळेल. मुलगी डोळ्यासमोर आहे, आरमोरीकडची, दंडारीत (इथल्या लोकनाट्यात) काम करणाऱ्या घरातली. विचारते तिला.

खड्ड्यातला_प्रॉम्प्टर

ताई, लेखकभाऊसंगं बोलनं झालं. त्याईचं म्हननं, चालू नाटक सोडून मांगचे जे बंद झाले त्या वह्या दाखवाले हरकत नाई, कागद करून द्या, सही करतो. वह्या घराबाहेर जानार नाईत, फोटो इथंच काढा. होळी झाली का या. पेन्सिलचे खुना फिक्या झाल्या, दुपारच्या उजेडात काढा लागनार.

मास्तर_भंडारा

फोटो काढताना प्रत्येक वहीचं मुखपृष्ठ आधी, मग पानं क्रमाने, कोरी पानंसुद्धा. फाईलच्या नावात नाटक, सिझन आणि पान क्रमांक घाला. खुणांचा अर्थ काकांकडून त्याच दिवशी आवाजात नोंदवून घ्या, त्यांच्या परवानगीने. गोल म्हणजे गाळलं, फुली म्हणजे लोक उठले, हे आज त्यांनाच माहीत आहे. आणि सहीचा मसुदा काळाकोट यांनी तपासून दिला तर बरं.

काळाकोट

देतो. एका पानाचा, मराठीत. लेखक, प्रॉम्प्टर आणि संशोधक, तिघांच्या सह्या. रविवारी संध्याकाळी इथेच टाकतो, म्हणजे दुसऱ्या कोणाला लागला तर वापरता येईल.